थकलेलं मांजर आणि हलणारं घर

माळशिरस तालुक्यात घरं हलतात ती मे महिन्यात. शाळांचे निकाल लागलेले असतात, नोकरदारांच्या बदल्यांच्या ऑर्डरी निघत असतात आणि पुण्यातला भाडेकरार १ जूनपासून सुरू व्हायचा असतो. वेळापूर, माळशिरस, सदाशिवनगर, नातेपुते या रस्त्यावर एखादा छोटा हत्ती टेम्पो फलटणच्या दिशेनं जाताना दिसतो. त्यात कपाट आडवं टाकलेलं, वर गाद्या, गाद्यांवर उलटी खुर्ची, मागं दोरीनं आवळलेली सायकल.

या हलण्याचा एक प्रकार आता गावोगाव ओळखीचा झाला आहे. मुलगा-सून हडपसरला, वाघोलीला नाहीतर हिंजवडीला. वडील गेल्यावर आई काही वर्षं गावातच एकटी राहते. मग एक दिवस मोरीत पाय घसरतो, किंवा रात्री-अपरात्री छातीत कळ येते, आणि आईला घेऊन जायचं ठरतं. म्हशीला गिऱ्हाईक मिळतं. कोंबड्या शेजारी जातात, कुत्रं वस्तीवर दिराच्या घरी राहतं. शेवटी प्रश्न उरतो ओट्याखाली पोत्याच्या घडीवर बसलेल्या बारा-चौदा वर्षांच्या मांजराचा.

"आई, तिथं नवव्या मजल्यावर हिला कुठं ठेवायची?"

"मग राहू दे. मी बी न्हाय येत."

हे बोलणं बहुतेक घरांत हसण्यावारी जातं. माझ्या मते ते तसं सोडून देण्यासारखं नाही. बारा वर्षांचं मांजर माणसाच्या हिशेबानं साठी पार केलेलं असतं आणि पंधरा वर्षांचं तर पंचाहत्तरीच्या घरात. त्याला दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर दूर न्यायचं की त्याच्या ओळखीच्या अंगणात ठेवायचं, याचं उत्तर दोन्ही बाजूंनी देता येतं. दोन्ही बाजू प्रामाणिकपणे ऐकाव्यात अशा आहेत.

आपल्या भागात फिरती माणसं पूर्वीपासून आहेत. मेंढरं घेऊन निघालेल्या धनगरांच्या वाड्यावर कुत्रं असतं, ओझ्याचं घोडं असतं, डालग्यात कोंबड्या असतात. कारखान्याच्या हंगामात येणाऱ्या ऊसतोड कुटुंबाच्या गाडीला बैल असतात, मागं एखादी शेळी असते. मांजर मी या दोन्ही ठिकाणी पाहिलेलं नाही. मांजर हे थांबलेल्या घराचं जनावर. जिथं धान्याची कणगी, तिथं उंदीर आणि तिथं मांजर. माणसं बदलली तरी वाडा तोच राहायचा, आणि मांजर वाड्याचंच असायचं. शेजारच्या आटपाडी-खानापूरकडचे सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले पार केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंत गेले, तरी मागं घर उघडं असायचं, म्हातारी माणसं असायची. त्यामुळं म्हाताऱ्या मांजराला घेऊन लांब जायचं कसं, हे आपल्याकडं कुणाला शिकावं लागलं नाही. आता घरालाच कुलूप लागतं, म्हणून हा प्रश्न नव्यानं आला आहे.

मांजर इथंच ठेवावं म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा. मांजराचा जीव जागेत असतो. हे नुसतं ऐकीव नाही. मांजराच्या गालांत आणि हनुवटीखाली गंधाच्या ग्रंथी असतात. चौकटीला, कणगीला, आपल्या पायाला ते गाल घासतं तेव्हा तिथं स्वतःचा वास ठेवत असतं. त्या वासानं भरलेली जागा म्हणजे त्याला निर्धास्त झोपण्याची जागा. नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यातलं काहीच नाही. लिफ्टचा आवाज, रंगाचा वास, खाली न संपणारी वाहतूक. तरुण मांजर महिन्याभरात नवी जागा आपलीशी करतं. म्हाताऱ्या मांजराला अनेकदा कमी दिसतं, कमी ऐकू येतं, आणि रोजच्या वाटा पाठ असल्यावरच त्याचं चालतं. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले, तेव्हा ९० मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली. आपलं मांजर लंगडत नाही म्हणून आपल्या लक्षात येत नाही. ते फक्त माळ्यावर चढायचं सोडतं आणि आपण म्हणतो, सुस्तावलंय.

शिवाय म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा आजार फार आढळतो. असं मांजर पाणी जास्त पितं, लघवी जास्त करतं, हळूहळू वाळत जातं. प्रवासाच्या भीतीनं त्यानं दिवसभर पाणी सोडलं तर तेवढ्यानंही प्रकृती ढासळते. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साचून ते दगावू शकतं. अंगानं भरलेल्या मांजराला हा धोका जास्त. त्यामुळं "नेलं आणि पंधरा दिवसांत गेलं" हे जे ऐकायला मिळतं, ते खोटं मानायचं कारण नाही.

आता दुसरी बाजू. मागं ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? घराला कुलूप, आणि शेजारणीला सांगितलेलं, "तेवढं दूध घालत जा, आत्या." शेजारीण चांगलीच असते. पण तिच्या घरी लग्न निघतं, तीही लेकीकडं महिनाभर जाते. तिच्या दारातलं तरुण मांजर म्हाताऱ्याला ताटलीजवळ येऊ देत नाही. गावातला बोका रात्री येऊन ओरबाडतो. उंदीर धरायचे दिवस गेलेले असतात, अर्धे दात पडलेले असतात. बंद घराच्या पायरीवर बसून राहिलेलं असं मांजर मी आमच्याच गल्लीत पाहिलं आहे. दुपारी ते दाराच्या फटीला नाक लावून बसायचं आणि संध्याकाळी एसटी थांब्यावर थांबली की कान टवकारायचं. त्याला कुणी मारलं नाही, हाकललंही नाही. ताटलीतलं दूध ऊन झालं की नासायचं, इतकंच. दिवाळीच्या आधी ते दिसेनासं झालं.

कायद्याचंही ऐकावं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे, उपासमारीनं किंवा तहानेनं हाल होतील अशा स्थितीत जनावर वाजवी कारणाशिवाय सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये आहे, म्हणजे त्याची भीती कुणाला वाटणार नाही. तरीही हे कृत्य गुन्हा आहे, हे साठ वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे.

गावात आणखी एक समजूत ऐकू येते: मांजर पिलांना सात घरं फिरवतं, त्याला काय, ते कुठंही रमतं. पण बाळंतीण मांजर पिलं हलवतं ते चार-दोन घरांच्या टापूत, स्वतःच्या पारखीनं, धोका वाटला म्हणून. त्यावरून त्याच मांजराला म्हातारपणी पुण्याला नेणं सोपं जाईल असं म्हणता येत नाही आणि नीरा नदीपलीकडं सोडलं तर ते कुठंतरी रमेल असंही म्हणता येत नाही. उलट समजूतही तितकीच चालते, की पोत्यात घालून कितीही लांब सोडा, मांजर परत येतंच. अमेरिकेतल्या फ्लोरिडात हॉली नावाची मांजर २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये प्रवासात हरवली आणि सुमारे तीनशे किलोमीटर चालून दोन महिन्यांनी आपल्या गावात पोचली, ही खरी बातमी आहे. ती जगभर छापून आली, कारण असं घडत नाही. आणि ती चार वर्षांची होती, चौदा वर्षांची नव्हती.

मग ठरवायचं कसं? मी वयाला पहिला मान देत नाही. पहिला प्रश्न असा, की हे मांजर आजवर कुणाच्या हातचं खात आलं आहे, आणि तो हात कुठं चालला आहे. वस्तीवर एकाच अंगणात भावकीची दोन घरं असतात, मांजर सकाळी या चुलीपाशी आणि दुपारी त्या चुलीपाशी असतं, पिलं तिकडच्या माळ्यावर घातलेली असतात. अशा मांजराला पुण्याला नेऊ नये. त्याचं अर्धं घर जागेवरच आहे, आणि त्याला घालणारी जाऊही जागेवर आहे. इथं मागं ठेवणं हीच माया आहे, आईनं कितीही डोळ्यांत पाणी आणलं तरी. तिला दर महिन्याला आणून भेटवावं.

पण जिथं घर एकाकी आहे, आई गेली की चूल विझणार आहे, तिथं मांजर आईबरोबर जावं असं माझं स्पष्ट मत आहे. म्हाताऱ्या मांजराचं जग आक्रसत आक्रसत एका माणसाभोवती आलेलं असतं. त्या माणसाचा आवाज, पदराचा वास, पहाटे पाच वाजता दूध तापवण्याची वेळ, एवढं टिकलं तर बदललेल्या भिंती ते सोसतं. माणूसच गेलं तर ओळखीच्या भिंती त्याला जेवायला घालत नाहीत. आणि हे आईच्या बाजूनंही खरं आहे. मुलगा-सून सकाळी आठला बाहेर पडल्यावर त्या फ्लॅटमध्ये तिच्या ओळखीचं, तिच्या गावचं असं कोण असणार? दुपारच्या वेळी तिनं "ये गं" म्हटल्यावर उठून येणारं कुणीतरी असणं, याची किंमत मुलांनी कमी धरू नये.

तिसरी गोष्ट अवघड आहे, पण लिहिलीच पाहिजे. मांजराची मूत्रपिंडं शेवटच्या टप्प्यात असतील, ते पाणीही घेत नसेल, धाप लागत असेल, तर त्याला प्रवास घडवू नये. अशा वेळी शक्य असेल तर घर हलवणं काही आठवडे पुढं ढकलावं आणि त्याला त्याच्या पोत्यावर जाऊ द्यावं. वेदना आवरत नसतील तर पशुवैद्याच्या सल्ल्यानं दयामरण देणं हेही क्रौर्य नाही. मात्र टेम्पोची तारीख ठरली म्हणून दयामरण मागायचं, हे मला मान्य नाही. ते मांजराच्या दुखण्यासाठी असावं, आपल्या सोयीसाठी नसावं.

हा निवाडा करायला तपासणी हवी आणि तिथं आपला तालुका कमी पडतो. इथले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांच्यासाठी उभे राहिले. ते साहजिकच आहे, लोकांचं पोट त्यांच्यावर आहे. १९६२ या नंबरवर फिरतं पथक बोलावता येतं, तेही मुख्यतः गुराढोरांसाठीच. मांजराच्या मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासायचं, हृदय नीट तपासायचं, तर बहुतेकदा पुणं गाठावं लागतं किंवा फलटण-लोणंदवरून शिरवळ. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, १९८८ पासून. एका म्हाताऱ्या मांजरासाठी एवढी खटपट कोण करतो, असं कुणी म्हणेल. जो त्याला दीडशे किलोमीटर नेणार आहे त्यानं करावी, असं माझं म्हणणं. मांजरांवर उपचार करणारे डॉक्टर अकलूजसारख्या मोठ्या गावात नियमित बसावेत, ही मागणीही आता चैनीची राहिलेली नाही.

न्यायचं ठरलं तर दिवस कोणता निवडावा, याला फार महत्त्व आहे. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो. मांजर कुत्र्यासारखं जीभ बाहेर काढून सहसा धापत नाही. ते तोंड उघडून धापायला लागलं तर तो धोक्याचा इशारा समजावा. म्हणून आईला आणि सामानाला मे महिन्यात न्यायचं असलं तरी मांजराला त्याच टेम्पोत घालू नये. टेम्पोच्या हौद्यात तर कधीच नाही. चार-सहा आठवडे मागं कुणी राहू शकत असेल तर पाऊस पडून हवा निवल्यावर न्यावं. तेवढ्यात पुण्याचं घर लागलेलं असतं, सामानाची आदळआपट संपलेली असते. फक्त आषाढी वारीचे दिवस टाळावेत. ज्ञानोबांची पालखी धर्मपुरीहून तालुक्यात शिरते, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत पुढं जाते. तुकोबांची पालखी अकलूजला असते. त्या दिवसांत वाहतूक वळवलेली असते आणि चार तासांचा रस्ता किती तासांचा होईल सांगता येत नाही. थांबणं शक्यच नसेल तर पहाटे चारला निघावं, म्हणजे दिवे घाट उतरून हडपसरला पोचेपर्यंत ऊन चढलेलं नसतं.

पेटीचं म्हणाल तर पुण्या-मुंबईत प्लास्टिकच्या तयार पेट्या मिळतात. आपल्याकडं मी पाहिलेली चांगली युक्ती डाळिंबाच्या कॅरेटची. एका कॅरेटवर दुसरं उपडं ठेवायचं, कडा सुतळीनं चारी बाजूंनी आवळायच्या. हवा खेळते, मांजराला उभं राहता येतं, वळता येतं. पण ते कॅरेट बागेतून आलेलं असेल तर त्याला फवारणीच्या औषधाचा अंश असतो. साबणानं घासून दोन दिवस उन्हात टाकल्याशिवाय वापरू नये. पोतं मात्र नको. पोत्यात श्वास कोंडतो, आणि पोत्यात कोंबलेलं मांजर पुन्हा आपल्याजवळ विश्वासानं येईल ही आशा धरू नये. निघायच्या आधी दोन आठवडे हे कॅरेट उघडं ठेवून त्यात मांजराची रोजची गोधडी घालावी, तिथंच जेवायला द्यावं. गोधडी धुऊ नये. तिचा मळका वास हीच त्याची सोबत. दोन म्हातारी मांजरं असतील तर अशा दोन पेट्या कराव्यात; एकमेकांना चाटणारी मांजरंही भेदरली की एकमेकांवर तुटून पडतात.

गाडीत कॅरेट मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधावं, वरून पातळ सुती कापड टाकावं. सतत ओरडतंय म्हणून वाटेत उघडून मांडीवर घेऊ नये. जेजुरीला चहाला थांबलं आणि दार उघडं राहिलं, एवढ्यावर मांजरं कायमची हरवली आहेत. फार घाबरट मांजरासाठी पशुवैद्य प्रवासाआधी गॅबापेन्टिन हे औषध देतात; मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याची मात्रा कमी ठेवावी लागते, म्हणून ते स्वतःच्या मनानं देऊ नये. आणि घरातली तापाची गोळी तर चुकूनही नको. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनं मांजर मरू शकतं. रेबीजची लस काही आठवडे आधीच टोचून घ्यावी, गावाकडच्या मांजरांना ती सहसा मिळालेली नसते. रेल्वेनं किंवा विमानानं लांब जाणाऱ्यांना पशुवैद्याचा आरोग्य दाखला लागतो, तो तिकिटाबरोबरच काढून ठेवावा.

पुण्यात पोचल्यावर पहिले पंधरा दिवस एकच खोली, आईची. तिच्या पलंगाखाली गोधडी, एका कोपऱ्यात पाणी, दुसऱ्या कोपऱ्यात माती. ही माती गावाहून न्यावी. परसातल्या ज्या कोपऱ्यात ते उकरत आलं आहे, तिथलीच दोन घमेली काळी माती पोत्यात भरून टेम्पोत टाकली, तर नव्या घरात फरशीवर घाण करण्याचा त्रास पुष्कळ वाचतो. पुढं हळूहळू त्यात वाळू मिसळत जावी. टबाची कड बुटकी ठेवावी, सांधे दुखणाऱ्या मांजराला उंच कड ओलांडवत नाही. जेवण बदलण्याची घाई नको; भाकरी कुस्करून, थोडं सुकट घालून जे खात होतं तेच सुरुवातीला द्यावं आणि नंतर पशुवैद्य सांगेल तसा बदल करावा. गॅलरीला कबुतरजाळी लावल्याशिवाय दार उघडू नये. पाळीव प्राणी ठेवायचेच नाहीत असा सरसकट नियम सोसायटीला करता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. घरमालकाशी मात्र करार करतानाच मांजराचं बोलून घ्यावं, लपवून नेऊ नये.

एवढं केल्यावरही काही मांजरं खचतात, हे मान्य करायला हवं. ज्यांनी नीट विचार करून, तपासून, उन्हाची वेळ टाळून नेलं आणि तरी मांजर महिन्यात गेलं, त्यांना "कशाला नेलंत" असं कुणी म्हणू नये. ज्यांनी जावेच्या अंगणात ठेवलं आणि तिथं ते शांतपणे गेलं, त्यांनाही निर्दयी म्हणू नये. बोल लावायचा तर घराला कुलूप घालून पायरीवर ताटली ठेवून गेलेल्यांना लावावा.

या उन्हाळ्यात ज्यांच्या घरातून आई निघणार आहे, त्यांना एकच विनंती. टेम्पोवाल्याला तारीख देण्याआधी मांजराला एकदा पशुवैद्याकडं दाखवा, शेजारी कोण किती दिवस खरोखर बघणार आहे ते तोंडावर विचारा, आणि मग आईशी बोलून ठरवा. त्या मांजराला इतकी वर्षं कुणी सांभाळलं असेल तर तिनं. निर्णयात पहिला शब्द तिचा असू द्या.